कुंडीतला वाटाणा आणि आपलं उंबर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २६ जानेवारी रोजी झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून लिहून काढून येथे देत आहे.)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल प्रथम सर्वांचं अभिनंदन करतो. समितीने मला विषय दिला आहे, ‘मुलांसाठी मनोरंजनातून शिक्षण देणारं सॉफ्टवेअर आणि निसर्गाच्या फिल्म’. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा विषय का दिला, असं काहींना वाटेल. कारण सरळ आहे. यात पैशाचा प्रश्न आहे, आणि पैशाचा प्रश्न आला की मंडळी माझ्याकडे बघतात.

समितीपुढे सध्या दोन विषय आहेत. पहिला म्हणजे, रौप्यमहोत्सवी निधीतून उरलेल्या रकमेतून हॉलमध्ये मोठा टीव्ही, मुलांसाठी टॅब आणि एका तयार शैक्षणिक पॅकेजचं वार्षिक सबस्क्रिप्शन घ्यायचं. दुसरा म्हणजे, पाण्याच्या टाकीशेजारचं उंबर काढायचं की ठेवायचं. उंबराची मुळं टाकीच्या भिंतीकडे चालली आहेत, फळं पडून दुचाक्या खराब होतात, अशी तक्रार आहे. हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे.

लोकांना हे दोन वेगवेगळे विषय वाटतात. मला ते एकच वाटतात. कसे, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. फार लांब मात्र जायचं नाही. आपल्या सातपूरवरून जो रस्ता जातो, त्याच रस्त्याने त्र्यंबकेश्वरपर्यंत.

त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. दादासाहेब फाळके म्हटलं की आपण एकदम ‘राजा हरिश्चंद्र’वर जातो. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे आपण मुलांना फिरायला नेतो. पण हरिश्चंद्राच्या आधीच्या दोन गोष्टी मुलांना कोणी सांगत नाही, आणि त्या मुलांच्याच आहेत.

पहिली गोष्ट १९११ सालची. ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस या थिएटरात फाळके आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्राला, घेऊन गेले. पडद्यावर जनावरांची फिल्म होती. पोराने घरी येऊन आईला सांगितलं की पडद्यावर जनावरं हलताना पाहिली. घरात कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या घराला थिएटरात घेऊन गेले. त्या दिवशी ईस्टरमुळे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तो पाहता पाहता फाळक्यांच्या मनात आलं की असेच राम आणि कृष्ण पडद्यावर का येऊ नयेत? हा भाग सगळ्यांना पाठ आहे. पण बघा, त्याच्या आदल्या दिवशी एका लहान मुलाने जनावरांची फिल्म पाहून घरी येऊन सांगितलं नसतं, तर दुसऱ्या दिवशी सगळं घर थिएटरात गेलंच नसतं.

दुसरी गोष्ट पुढच्या वर्षीची. १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेण्याचं ठरवलं आणि परत आले. कॅमेरा आला. आता भांडवल पाहिजे.

इथे मी बँकवाला म्हणून बोलतो. कर्जाचा अर्ज आला की आम्ही काय विचारतो? तारण काय, या धंद्याचा अनुभव किती आणि धंदा चालेल याची खात्री काय. आता या अर्जदाराकडे बघा. वय बेचाळीस. आधीचा छापखान्याचा धंदा भागीदारांशी न पटल्याने सोडलेला. जो माल तयार करणार, तसा माल या देशात धंदा म्हणून कोणी उभा केलेला नाही. तारण म्हणजे विम्याची पॉलिसी आणि बायकोचे दागिने. अशा अर्जावर कुठल्याही शाखाधिकाऱ्याने ‘खेदपूर्वक नामंजूर’ असाच शेरा मारला असता.

फाळक्यांनी काय केलं? त्यांनी कागदावर प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिला नाही. एका कुंडीत वाटाणे पेरले. कुंडीसमोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिन्याहून अधिक काळ एकेक फ्रेम घेत राहिले. ती फिल्म सलग दाखवली तेव्हा मिनिटभरात बी फुगलं, अंकुर वर आला, रोप वाढलं, त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ असं तिचं नाव. निवडक लोकांना बोलावून त्यांनी ती दाखवली, आणि ज्यांच्याकडे पैसा होता ते पैसा लावायला तयार झाले. त्यातून पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला.

म्हणजे मंडळी, आपल्या देशातल्या चित्रपटधंद्याचा पाया एका निसर्गाच्या फिल्मवर घातला गेला, आणि ती करणारा माणूस आपल्या शेजारच्या गावचा. नुसत्या बोलण्याने ज्यांची खात्री पटत नव्हती, त्यांची खात्री एका रोपट्याने पटवली. हे लक्षात ठेवा, शेवटी मला याच मुद्द्यावर यायचं आहे.

आता बालमित्रांनो, थोडं त्रैराशिक करू. त्या काळच्या मूक फिल्मला सेकंदाला साधारण १६ फ्रेम लागत. मग एका मिनिटाला किती? १६ गुणिले ६०, म्हणजे ९६०. महिनाभरात ९६० फ्रेम घ्यायच्या तर दिवसाला साधारण ३२ होतात. म्हणजे दिवसभरात राहून राहून कॅमेऱ्याशी जायचं, हँडल एक फ्रेमभर फिरवायचं आणि पुढच्या वेळेची वाट बघायची. कुंडी हलवायची नाही, कॅमेरा हलवायचा नाही, उजेड फार बदलू द्यायचा नाही. एक दिवस कंटाळा केला तर फिल्ममध्ये रोप टुणकन उडी मारणार. आमच्या भाषेत सांगायचं तर हे रिकरिंग डिपॉझिट आहे. हप्ता चुकवायचा नाही, आणि मुदत संपेपर्यंत हातात काही दिसत नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्येही असंच काम चाललं होतं. पर्सी स्मिथ नावाचे एक गृहस्थ शिक्षण खात्यात कारकून होते. वर्गात फिल्म दाखवून मुलांना शिकवता येईल, असं ते वरिष्ठांना सांगत, पण वरिष्ठ ऐकत नसत. शेवटी त्यांनी स्वतःच कॅमेरा हातात घेतला. कळी उमलून फूल होतं, ती त्यांची फिल्म १९१० साली आली. तिथे खात्यातला कारकून, इथे छापखाना सोडलेला चित्रकार. दोघांकडेही वेळ, चिकाटी आणि एक कुंडी एवढंच भांडवल.

आणि या फिल्ममुळे खरोखर काही नवं कळतं. झाड जागच्या जागी उभं असतं, असं आपल्याला वाटतं. पण वेलाचं टोक सारखं गोल फिरत असतं, आधार शोधत असतं. डार्विनने हे काचेवर तासातासाने ठिपके मांडून पाहिलं होतं आणि त्यावर १८८० साली आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्या डोळ्याला ती हालचाल फार सावकाश म्हणून दिसत नाही. कॅमेरा महिन्याचं मिनिट करतो, म्हणून ती दिसते. खोटं काही दाखवलेलं नसतं, फक्त वेळ दुमडलेला असतो.

आता मला सांगा, ‘अंकुराची वाढ’ या फिल्मने जास्त कोण शिकलं? मिनिटभर बघणारा, की महिनाभर कुंडीपाशी जाणारा? माझं सगळं म्हणणं एवढ्यात आहे. निसर्गाची चांगली फिल्म बघणं ही चांगलीच गोष्ट. पण मुलाने स्वतः केलेली मिनिटभराची फिल्म त्याला जे देते, ते विकत घेतलेल्या हजार फिल्म देत नाहीत.

सॉफ्टवेअरचंही तसंच. मी काही कॉम्प्युटर-विरोधी नाही. आमच्या बँकेत कॉम्प्युटर आला तेव्हा खातेवही सोडताना कुरकुर करणाऱ्यांत मी नव्हतो. पण अलीकडे नातवंडांच्या निमित्ताने बरीच अॅप बघितली. पुष्कळ ठिकाणी प्रकार असा, की चार उत्तरांतलं एक दाबा, बरोबर आलं की फटाके फुटतात, नाणी मिळतात. उद्या आला नाहीत तर तुमचे गुण जातील, अशी धमकीही असते. हे शिक्षण नव्हे, ही गिऱ्हाईक धरून ठेवायची युक्ती झाली.

याउलट चांगली उदाहरणंही आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ साली ‘स्क्रॅच’ नावाचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, तेही फुकट. त्यात मूल खेळ खेळत बसत नाही, स्वतः खेळ तयार करतं. मांजराला दहा पावलं चालवायचं, भिंत लागली की वळवायचं, हे सगळं मुलाने ठरवायचं. चुकलं तर मांजर भलतीकडे जातं, मग मूल स्वतःच दुरुस्त करतं. कोणी ओरडत नाही.

आपल्या महाराष्ट्रातलं बघा. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींच्या वर्गात कन्नड बोलणारी मुलं होती. त्यांना समजेल अशा भाषेत धडे करून गुरुजींनी पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. पुढे त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. त्यांचं काम चाललं, कारण ते समोर बसलेल्या, नावानिशी माहीत असलेल्या मुलांसाठी केलेलं होतं.

पुण्याचे अरविंद गुप्ता घ्या. आयआयटीतले इंजिनिअर. आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या यांतून त्यांनी विज्ञानाची खेळणी केली. आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बसून त्या खेळण्यांच्या मिनिट-दोन मिनिटांच्या फिल्म केल्या, त्या अनेक भाषांत आणल्या आणि सगळ्यांना फुकट दिल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची फिल्म संपली की मूल पुढची फिल्म लावत नाही, घरात आगकाड्या शोधायला लागतं. गंमत म्हणजे फाळक्यांनीही १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली होती, आगकाड्यांना पडद्यावर नाचवणारी. कामाच्या माणसाला आगकाडीची पेटीसुद्धा पुरते.

तेव्हा कुठलंही पॅकेज घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, असं मी सुचवतो. कर्जाची छाननी करतो तशीच ही छाननी. एक, यात मूल काही करतं, की नुसतं बोट लावतं? दोन, चुकलं तर का चुकलं हे त्याला स्वतः शोधता येतं का? तीन, संपल्यावर मूल उठून बाहेर जातं, की त्याच जागी बसून राहतं? आणि चार, सबस्क्रिप्शन बंद केलं तर मुलाकडे काय उरतं? चौथ्या प्रश्नाला बहुतेक पॅकेजं नापास होतात.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आपल्या सोसायटीत अनेक घरांत आई आणि वडील दोघंही नोकरीला जातात. एमआयडीसीत तीन पाळ्या चालतात. मूल दुपारी एकटं घरी येतं आणि मोबाईल उघडतं. ‘काका, काहीतरी भलतं बघण्यापेक्षा अभ्यासाचं पॅकेज बरं नाही का?’ असं मला दोन-तीन भगिनींनी विचारलं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांना वेळ नाही, आणि मुलाला सोबत हवी आहे. पण ती सोबत टॅब देणार नाही, माणसं देतील. आणि वेळ असलेली माणसं सोसायटीत आहेत. आम्ही सकाळ-संध्याकाळ बाकावर बसून पेन्शनच्या गप्पा मारतो ना! आम्हाला कामाला लावा.

म्हणून माझा प्रस्ताव असा. टीव्ही घ्यायला माझी हरकत नाही, सगळ्यांनी मिळून बघायला तो चांगला. टॅब आणि सबस्क्रिप्शन मात्र घेऊ नये. त्यातून वाचणाऱ्या रकमेचा थोडा भाग पुरेल. एक मोबाईल स्टँड, दोन भिंगं, एक दिवा आणि एक जाड वही आणावी. घराघरात जुने मोबाईल पडून आहेत, त्यातला एक कॅमेऱ्याला चालेल. बाकी रक्कम बँकेत ठेवावी, हे मी सांगायला नकोच.

आणि मुलांनी फिल्म कशाची करायची? आपल्या उंबराची.

कंपाउंडच्या भिंतीवर रंगाने एक खूण करायची. रोज सकाळी साडेसातला, शाळेची बस येण्यापूर्वी, त्या खुणेवर मोबाईल ठेवून उंबराचा एक फोटो काढायचा. पाळीपाळीने एकेका मुलाने. वहीत तारीख, नाव, ऊन-पाऊस आणि झाडावर कोण दिसलं ते लिहायचं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावीच लागते. उद्यापासून सुरुवात केली तर तोपर्यंत साधारण २४० फोटो होतील. सेकंदाला दहा फोटो धरले तर चोवीस सेकंदांची फिल्म. त्या चोवीस सेकंदांत उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही येतील, जुनी पानं गळतील, कोवळी पालवी येईल, खोडाला फळांचे घोस लागतील.

लहानग्यांना तेवढा धीर नसेल तर त्यांनी मेथी पेरावी. दर पंधरा मिनिटांनी एक फोटो, असं मोबाईलवर लावून ठेवता येतं. दिवसाचे ९६, पाच दिवसांचे ४८०. सेकंदाला बारा फोटो दाखवले तर चाळीस सेकंदांची ‘अंकुराची वाढ’ तयार! फक्त दिवा सारखा चालू ठेवा आणि कुंडीला हात लावू नका.

उंबरात बघण्यासारखं पुष्कळ आहे. ‘उंबराचं फूल’ म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट, असं आपण म्हणतो. बराच काळ न भेटलेल्या माणसाला ‘काय, अगदी उंबराचं फूल झालात’ म्हणतो. पण उंबराला फुलं असतात आणि ती फळाच्या आत असतात. एक कच्चं उंबर चिरून भिंगाखाली धरलं तर शेकडो बारीक फुलं दिसतील. इवल्याशा माश्या फळाच्या तोंडाशी असलेल्या भोकातून आत शिरतात आणि परागीभवन करतात. माशी नसेल तर उंबराला बी नाही, आणि उंबर नसेल तर त्या माशीला घर नाही. हे आपल्या मुलांनी आपल्या टाकीशेजारी बघावं. मग फळं पिकली की कोण कोण येतं, तेही टिपावं. तांबट, कोकीळ, खारी, रात्री वटवाघळं. नशीब असेल तर आपला राज्यपक्षी हरियाल.

दोन-तीन पथ्यं पाळायची. घरट्याजवळ जायचं नाही. फोटोसाठी पक्ष्याला उडवायचं नाही. मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. निसर्गाची फिल्म करायची ती निसर्गाला त्रास न देता. अंजनेरीच्या डोंगरावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, शास्त्रज्ञांनी तिला अंजनेरीचंच नाव दिलं आहे. ती बघायला सगळं नाशिक तिथे चढलं तर ती पायाखालीच जाईल. अशा ठिकाणी एकाने काळजीपूर्वक केलेली फिल्म हजारांनी बघावी, हेच बरं.

फिल्मला आवाज मुलांचाच हवा, आणि मराठीत. ज्यांच्या घरी अहिराणी बोलतात त्यांनी अहिराणीत बोलावं. आजी-आजोबांना विचारून झाडापाखरांची घरची नावं घ्यावीत.

आता शेवटचा मुद्दा. सप्टेंबरच्या सभेत उंबराचा विषय येईल तेव्हा आधी ही फिल्म दाखवावी आणि मगच मत घ्यावं. उंबर ठेवाच, असं मी आज म्हणत नाही. टाकीच्या भिंतीची काळजी खरी आहे. टाकीला तडा गेला तर दुरुस्तीचा खर्च आपल्या सगळ्यांच्या मेंटेनन्सवर येईल. मुलांनी ती मुळं आणि ती भिंतही दाखवावी, काही लपवू नये. लपवलं तर ती जाहिरात होईल. शिवाय झाड काढायचं ठरलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच, १९७५ चा कायदा तसा आहे. त्या अर्जातही आपल्याला सांगावं लागेल की आपण काय काढतो आहोत. आज आपल्यापैकी किती जणांना ते सांगता येईल? ‘टाकीजवळचं झाड’ यापलीकडे आपल्याला काही माहीत नाही. सप्टेंबरपर्यंत मुलांना माहीत झालेलं असेल.

फाळक्यांच्या फिल्मने पैसेवाल्यांचं मत बदललं, कारण त्यांनी वाद घातला नाही, दाखवलं. आपली मुलं मतदार नाहीत, सभासद नाहीत, सभेत त्यांना बोलायचा अधिकार नाही. पण पुढची पंचवीस वर्षं या आवारात तीच राहणार आहेत. त्यांना चोवीस सेकंद द्यायला काय हरकत आहे?

सरस्वतीबाई फाळक्यांचा उल्लेख केल्याशिवाय थांबत नाही. त्यांनी दागिने दिले, कोऱ्या फिल्मला भोकं पाडली, फिल्म धुतली आणि कामावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही केला. मुलांच्या या उद्योगालाही घरातल्या मोठ्यांची अशी साथ लागेल. निदान सकाळी साडेसातला ‘चल, आज तुझी पाळी आहे’ एवढं तरी म्हणावं लागेल.

बालमित्रांनो, उद्या सकाळी साडेसातला टाकीजवळ या. वही मी आणतो. पहिल्या पानावर कोणाचं नाव लिहायचं, ते तुम्ही ठरवा.



जय हिंद, जय महाराष्ट्र!